उताराचें गणित

आमच्या घराचें जोतें अंगणापासून बरोबर अडीच फूट उंच आहे. वडिलांनीं तें इतकें उंच कां घेतलें, हें प्रत्येक पावसाळ्यांत कळतें. अंगणांत घोटाभर पाणी सांचलें तरी उंबरा कोरडा राहतो. या जोत्यास पांच पायऱ्या आहेत, आणि घरांतील लहानथोर माणसें दिवसांतून वीस वेळां त्यांवरून जातयेत असतात. एरवीं त्या पायऱ्यांकडे कोणाचें लक्षही गेलें नसतें. परंतु दोन वर्षांपूर्वीं आमच्या वडील काकूंच्या मांडीचें हाड मोडलें, त्या चाकांच्या खुर्चीस खिळल्या, आणि त्या दिवसापासून या पांच पायऱ्या आमच्या घरांतील सर्वांत मोठा डोंगर होऊन बसल्या.

उपाय सोपा वाटला. पायऱ्यांच्या शेजारीं एक उतरता रस्ता बांधावा, म्हणजे खुर्ची वरखालीं नेतां येईल. जोत्यापासून फाटकापर्यंत जागा दहा फूट. गवंड्यास आम्हींच सांगितलें कीं, एवढ्या जागेंत उतार बसव. तो म्हणाला, "साहेब, जरा उभा होईल." आम्ही म्हणालों, "होऊं दे. घरांत ढकलणारे पुष्कळ आहेत." चार दिवसांत काम झालें. पहिल्या दिवशीं काकूंस वर चढवितांना दोघे पुतणे घामाघूम झाले. तिसऱ्या दिवशीं उतरतांना एकाचा हात निसटला, खुर्ची धांवत सुटली आणि फाटकाच्या खांबावर आदळली. देवाची कृपा म्हणून मनगट लचकण्यावर निभावलें. परंतु काकूंनीं त्याच संध्याकाळीं सांगून टाकलें, "बाळांनो, मला आतां उंबऱ्याबाहेर नेऊं नका. माझें घरांत बरें चाललें आहे." ज्या बाईनें चाळीस वर्षें राममंदिरांतील रामनवमीचें कीर्तन चुकविलें नव्हतें, ती पुढें आठ महिने घराबाहेर पडली नाहीं.

आमच्या डोळ्यांत अंजन घातलें तें आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीनें. ती दहावींत होती आणि शाळेंत "रेषेचा चढ" नांवाचा भाग शिकत होती. एके दिवशीं दोरी व मोजपट्टी घेऊन तिनें तो उतार मोजला आणि आम्हांस विचारलें, "काका, हा तर चारांस एक आहे. खंडाळ्याच्या घाटांत आगगाडीसुद्धां सदतिसांस एकच चढते. मग आजी कशी चढेल?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें शोधतां शोधतां उतार या एका कल्पनेचा किती ठिकाणीं संचार आहे हें जें दिसून आलें, तेंच या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दाचा अर्थ. उतार म्हणजे उंची नव्हे आणि अंतरही नव्हे. उतार म्हणजे या दोहोंचें गुणोत्तर. याचें उत्तम उदाहरण महाबळेश्वरीं आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळांत कृष्णा आणि सावित्री या दोन्ही नद्यांचे उगम दाखवितात. दोघींची जन्मभूमि एक, समुद्रसपाटीपासून उंचीही एकच, साधारण साडेतेराशे मीटर. पण कृष्णा पूर्वेस वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री पश्चिमेस उडी घेते आणि सुमारे १०० किलोमीटरांतच बाणकोटापाशीं अरबी समुद्र गांठते. म्हणजे कृष्णा सरासरीनें दर किलोमीटरास एक मीटर उतरते, तर सावित्री तेरा मीटर. एक संथपणें वाईचे घाट भिजवीत जाते, दुसरी कडे तासीत धांवते. उंची तीच, भेद आहे तो केवळ ती उंची किती लांबींत वांटली याचा. हें ज्यास समजलें त्यास उताराचें निम्में शास्त्र समजलें.

राहिलेलें निम्में आमच्या पुतणीच्या प्रश्नांत होतें. पळसधरीपासून लोणावळ्यापर्यंतचा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. जेम्स बर्कली हा त्याचा मुख्य अभियंता. परंतु मार्ग पुरा होण्यापूर्वींच, १८६२ सालीं, तो वारला. सुमारे सोळा मैलांत सुमारें १,८३० फूट उंची चढावयाची होती. त्यासाठीं पंचवीस बोगदे खोदावे लागले. कड्यांवरून दोर लावून लोंबकळत सुरुंग ठासणारे हजारों मजूर या कामावर होते, आणि त्यांतील कितीक जण पटकीनें व अपघातांत मेले. कामाचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं मरण पावला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तें काम पुढें चालविलें, ही गोष्ट आमच्या वाचक भगिनींनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

एवढे कष्ट करून अभियंत्यांनीं मिळविलें काय? तर चढ कोठेंही सदतिसांस एकाहून उभा होऊं दिला नाहीं. हा आंकडा क्षुल्लक वाटतो. पायीं चालणाऱ्यास असा चढ जाणवतही नाहीं. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची गोष्ट निराळी आहे. सपाट रुळावर एक टन वजन सावकाश ओढण्यास दोन-चार किलोंचा जोर पुरतो. सदतिसांस एक अशा चढावर मात्र प्रत्येक टनास, १,००० भागिले ३७, म्हणजे २७ किलोंचा अधिक जोर लागतो. ओझें तेंच, एंजिन तेंच, परंतु काम एकदम अनेक पटींनीं वाढलें. शिवाय रूळ गुळगुळीत. जोर फार लावला तर चाक जागच्या जागीं फिरूं लागतें. म्हणून कर्जतेस गाडी थांबवून मागून ढकलणारीं जास्त एंजिनें जोडण्याचा प्रघात पडला, आणि प्रवाशांस तेवढ्या अवधींत बटाटेवडे खाण्याची सोय झाली. म्हणूनच खंडाळ्याजवळ पूर्वीं गाडी एका दिशेनें चढून थांबे, एंजिन दुसऱ्या टोंकास लागे, आणि ती उलट दिशेनें पुढचा चढ घेई. पुढें मार्ग सुधारल्यावर, १९२९ सालीं, ही उलटापालट बंद झाली. डोंगराची उंची कोणासच कमी करतां येत नाहीं. पण वाट लांब करून, तिला मुरडी घालून, तीच उंची थोडथोडी करून चढतां येते. घाटाच्या प्रत्येक वळणांत हेंच एक तत्त्व आहे.

उतरणें हें चढण्याइतकेंच अवघड, किंबहुना अधिक. घाटांत ठिकठिकाणीं मुख्य मार्गापासून फुटून वर चढत जाणारे आडमार्ग बांधलेले आहेत. सुटलेली गाडी त्या चढावर गेली म्हणजे तिचा वेग आपोआप मरतो. उतारानें दिलेला वेग चढानेंच काढून घ्यावयाचा, अशी ही युक्ति आहे. आमच्या फाटकापाशीं असा आडमार्ग नव्हता, खांब होता.

तुलनेसाठीं आणखी दोन आंकडे देतों. १९०७ सालीं सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी वीसांस एक इतका उभा चढ चढते. ती डबे थोडे घेते, हळू चालते, म्हणून तिला तें साधतें. याच्या उलट १९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेचा चढ दीडशेंस एकाच्या आंत ठेवलेला आहे. तिला सह्याद्रीच्या सोंडा आडव्या आल्या तेव्हां ती त्यांवर चढली नाहीं; नव्वदांहून अधिक बोगदे पाडून त्यांच्या पोटांतून गेली. दीडशेंस एक म्हणजे टनास सात किलोंहूनही कमी. बोगद्यावर एकदां खर्च केला आणि पुढील प्रत्येक गाडीचे श्रम वांचविले, असा हा व्यवहार आहे.

मात्र उतार नेहमीं शत्रूच असतो असें नाहीं. ज्या कड्यानें आगगाडीस इतकें छळिलें, त्याच कड्यावरून लोणावळें-वळवणच्या तलावांचें पाणी नळांतून खालीं सोडून खोपोलीस १९१५ सालापासून वीज निर्माण होऊं लागली. पाणी सतराशे फुटांहून अधिक खालीं येतें. उभा उतार ओझ्यास वाईट, पण पडणाऱ्या पाण्याकडून काम करून घ्यावयाचें तर तोच पाहिजे. आणि आतां तर घाट उतरणारीं विजेचीं एंजिनें उतरतां उतरतां स्वतःच वीज निर्माण करून वरच्या तारेंत परत सोडतात.

येथें गृहिणींच्या नित्य परिचयाची एक गोष्ट आठवते. न्हाणीघराची मोरी तुंबली म्हणजे घरोघर दोष केसांना व साबणाला दिला जातो. पुष्कळदां खरा दोष उताराचा असतो. सांडपाण्याच्या नळाविषयीं बांधकामाच्या जुन्या माणसांचा एक सोपा नियम आहे: चार इंची नळास चाळीसांस एक, सहा इंचीस साठांस एक, नऊ इंचीस नव्वदांस एक. म्हणजे चार इंची नळ वीस फूट लांब असेल तर त्याचें शेवटचें टोंक सहा इंच खालीं पाहिजे. पाणी सेकंदास सुमारे अडीच फूट वेगानें वाहिलें तर आपल्याबरोबर गाळ घेऊन जातें. त्याहून फार मंद झालें तर पाणी पुढें जातें आणि गाळ मागें राहतो. मोठ्या नळास कमी उतार कां पुरतो, हें विचारण्यासारखें आहे. नळ जितका मोठा, तितकें त्यांतील पाण्याच्या मानानें भिंतीशीं होणारें घर्षण कमी; म्हणून थोड्या उतारावरही तें तोच वेग धरतें.

पाणी चढवावयाचे पंप नव्हते तेव्हां तर उतारावांचून गतिच नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी भुयारी नळानें पुण्यांतील वाड्यांच्या व पेठांच्या हौदांपर्यंत आणिलें, तें केवळ उतारावर. मध्यंतरीं ठिकठिकाणीं जे उच्छ्वास बांधले होते, त्यांपैकीं कांहीं अजूनही दिसतात. त्याच्याही आधीं, सतराव्या शतकाच्या आरंभीं, मलिक अंबरानें आजच्या छत्रपती संभाजीनगरास याच रीतीनें नहर आणिली होती. फ्रान्सांत नीम शहरासाठीं रोमन लोकांनीं बांधलेला पाट सुमारे ५० किलोमीटर लांब आहे, आणि एवढ्या लांबींत त्याचा एकूण उतार अवघा साडेबारा मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे दर किलोमीटरास वीतभर. हातांत पाणसळीसारखीं साधीं उपकरणें असतां वीतभराचा हा हिशेब डोंगरदऱ्यांतून ज्यांनीं संभाळला, त्यांच्यापुढें दहा फुटांत घसरलेल्या आम्हीं मान खालीं घालणेंच योग्य.

आतांपर्यंत जो उतार सांगितला तो डोळ्यांस दिसणारा होता. परंतु न दिसणारे उतार त्याहून पुष्कळ आहेत. समुद्रसपाटीपासून वर जावें तसतसें उष्णमान दर किलोमीटरास सरासरी साडेसहा अंशांनीं उतरतें. म्हणून महाबळेश्वर खालच्या कोंकणाहून आठ-नऊ अंशांनीं थंड. पावसाचा उतार याहूनही उभा आहे. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून सरळ रेषेंत अवघ्या पंचवीस किलोमीटरांवर असलेल्या वाईस हजारांच्या आंत. एका डोंगरावरून उतरलें कीं छत्रीच्या मुलुखांतून माणूस ज्वारीच्या मुलुखांत येतो.

वारा म्हणजे तरी काय? हवेचा दाब एके ठिकाणीं अधिक व दुसरीकडे कमी असला म्हणजे हवेस एक अदृश्य उतार मिळतो. हवामानखात्याच्या नकाशावर समान दाबाचीं ठिकाणें जोडून समभाररेषा काढतात. त्या रेषा विरळ असल्या तर वारा मंद, एकमेकींस खेटून आल्या तर वादळ. मात्र हवा पाण्याप्रमाणें सरळ उतरत नाहीं. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें आपल्या उत्तर गोलार्धांत ती उजवीकडे वळते. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिलें तर कमी दाबाचा प्रदेश आपल्या डाव्या हातास असतो. हा नियम बाइज-बॅलट या डच शास्त्रज्ञानें १८५७ सालीं मांडला. ज्येष्ठ-आषाढांत आपल्याकडे येणारा नैर्ऋत्येचा पाऊसदेखील अशाच एका उताराच्या पाठीवर बसून येतो. तापलेल्या भूमीवर दाब कमी, दक्षिणेकडील समुद्रावर अधिक.

या सर्व उतारांत एक नातें आहे, आणि तें ओळखण्याचें श्रेय एका शतकांतील चार माणसांस आहे. फूरिये यानें १८२२ सालीं सांगितलें कीं, उष्णता उष्णमानाच्या उताराच्या प्रमाणांत वाहते. ओम यानें १८२७ सालीं विजेच्या प्रवाहाविषयीं तेंच सांगितलें. फिक हा शरीरशास्त्रज्ञ. त्यानें १८५५ सालीं पाण्यांत पसरणाऱ्या मिठाविषयीं तेंच सांगितलें, आणि आपण फूरिये व ओम यांच्याच वाटेनें गेलों हें मोकळेपणीं कबूल केलें. पुढील वर्षीं फ्रान्सांतील दिजों शहराचा पाणीपुरवठा पाहणाऱ्या दार्सी यानें वाळूंतून झिरपणाऱ्या पाण्याविषयीं तेंच प्रसिद्ध केलें. चार शास्त्रें, परंतु नियम एकच: प्रवाह किती, तर उतार जितका तितका, आणि उतार म्हणजे दोन ठिकाणांतील फरक भागिले मधलें अंतर. थंडींत आपण एकावर एक दोन गोधड्या घेतों तेव्हां फूरियेचाच नियम पाळतों. अंगाचें उष्णमान व खोलीचें उष्णमान यांतील फरक तोच राहतो, मधली जाडी दुप्पट होते, उतार निम्मा होतो, आणि ऊब अंगाशीं राहते. आमच्या आजीस फूरियेचें नांवही ठाऊक नव्हतें, पण गोधडी कधीं वाढवावी हें अचूक ठाऊक होतें. कैरीच्या फोडींस मीठ लावतांच त्यांस पाणी सुटतें, तेंही एका उतारामुळेंच. बाहेर मीठ फार, आंत थोडें, म्हणून आंतलें पाणी मिठाकडे ओढलें जातें.

शरीरांत शिरलें म्हणजे ही गोष्ट अधिकच थक्क करणारी होते. आपण श्वास घेतों तेव्हां प्राणवायु रक्तांत ढकलणारा कोणी पंप नाहीं. फुप्फुसांतील वायुकोशांत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारें १०० मिलिमीटर, आणि तेथें येणाऱ्या काळसर रक्तांत सुमारें ४०. मधला पडदा मिलिमीटराच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. फरक बराच, अंतर अत्यल्प, म्हणून उतार अतिशय उभा, आणि प्राणवायु क्षणार्धांत रक्तांत उतरतो. न्यूमोनियांत हेच वायुकोश द्रवानें भरतात. अंतर वाढतें, वाट अडते, आणि छाती कितीही जोरानें भातासारखी चालली तरी रोग्यास वारा पुरत नाहीं. उंच पर्वतावर याच्या उलट: पडदा तोच, पण हवाच विरळ असल्यामुळें फरक उरत नाहीं. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकांठच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच असतो.

याहून खोल एक उतार आहे. आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशी आपल्यांतील सोडियम सतत बाहेर टाकते आणि पोटॅशियम आंत घेते. तीन कण बाहेर, दोन आंत. हें काम करणारा पंप डेन्मार्कच्या स्कोउ यांनीं १९५७ सालीं शोधून काढला, आणि त्याबद्दल त्यांस १९९७ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आपण स्वस्थ पडून असलों तरी खाल्लेल्या अन्नाच्या शक्तीचा बराच मोठा हिस्सा या एका पंपावर खर्ची पडतो. हा खटाटोप कशासाठीं? तर उतार राखण्यासाठीं. मज्जातंतूंतून जो संदेश धांवतो तो याच उतारावरून धांवतो. बोट पोळतांच हात मागें येतो तो याच्याच जोरावर. आणि पेशीस ही शक्ति तरी कोठून मिळते? इंग्लंडांतील पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं असें मांडलें कीं, पेशीच्या आंतील सूक्ष्म कोठड्यांत हायड्रोजनच्या कणांचा एक सांठा पडद्याच्या एका बाजूस केला जातो आणि धरणाच्या पाण्याप्रमाणें तो दुसऱ्या बाजूस उतरतांना शक्ति देतो. विद्वानांनीं त्यांची बरीच वर्षें उपेक्षा केली. १९७८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. खोपोलीस जें घडतें तेंच आपल्या प्रत्येक पेशींत घडत आहे. हे सर्व उतार सपाट झाले म्हणजे देहाचा कारभार आटोपतो. जगणें म्हणजे उतार टिकवून धरणें, असें म्हटलें तर तें अलंकारिक बोलणें नव्हे.

गणितांत याच कल्पनेस प्रवणता म्हणतात. तिचा सर्वांत नवा उपयोग आजच्या काळांतील संगणकांस "शिकविण्यांत" होत आहे, आणि घरांतील तरुण मंडळी त्याविषयीं बोलतात तेव्हां वडील मंडळींसही तें समजावें म्हणून एक दृष्टांत देतों. सिंहगडावर दाट धुकें पडलें आहे, पुढचें दिसत नाहीं, आणि खालीं उतरावयाचें आहे. माणूस काय करील? पायानें चांचपून पाहील, ज्या बाजूस जमीन सर्वांत अधिक उतरती लागेल त्या बाजूस एक पाऊल टाकील, आणि पुन्हां चांचपील. संगणकाची चूक ही उंची मानावयाची. प्रत्येक प्रयत्नानंतर चूक कोणत्या दिशेनें सर्वांत झपाट्यानें घटेल तें गणितानें काढावयाचें, आणि त्या दिशेस थोडें सरकावयाचें. असें लाखों वेळां केलें म्हणजे यंत्र हस्ताक्षर ओळखूं लागतें किंवा भाषांतर करूं लागतें. ही रीत फ्रेंच गणिती कोशी यानें १८४७ सालींच सुचविली होती. धुक्यांतील माणसाचे धोके मात्र यंत्रासही आहेत. पाऊल फार मोठें टाकलें तर दरी ओलांडून पलीकडच्या चढावर जाल. फार लहान टाकलें तर रात्र होईल. आणि एखाद्या खळग्यांत शिरलांत तर चहूंकडे चढच लागून हाच पायथा, असा भ्रम होईल.

दृष्टांत पुष्कळ झाले. आतां एका दृष्टांतापासून सावध करावयाचें आहे. उंच-नीच असल्यावांचून प्रवाह नाहीं, म्हणून समाजांत व कुटुंबांतही उंच-नीच असणें हा निसर्गाचाच नियम आहे, असें प्रतिपादन करणारे विद्वान् आम्हांस भेटले आहेत. हें म्हणणें फसवें आहे. उतार इतकेंच सांगतो कीं वस्तु कोणीकडे वाहील. वर कोणी बसावें व खालीं कोणी, हें तो सांगत नाहीं. उलट माणसानें उताराशीं जें जें शहाणपण केलें, तें उंचीपुढें हात टेकण्याचें नसून, खालच्यास वर येतां यावें अशी वाट काढण्याचें आहे. बोरघाट चढूं न शकणाऱ्या गाडीस "तूं दुबळी आहेस" असें कोणी म्हटलें नाहीं. वाट लांब केली आणि मागून एक एंजिन जोडलें. बीजगणितांत मागें पडलेल्या मुलास, किंवा परक्या घरीं नुकत्याच आलेल्या सुनेस, आपण मात्र चटकन् दुबळें ठरवितों. त्यांच्यापुढें आपण ठेवलेला चढ चारांस एक तर नाहीं ना, हें आधीं मोजून पाहावें.

ज्यांच्या घरीं आमच्यासारखाच प्रसंग असेल त्यांच्यासाठीं हिशेब थोडक्यांत देतों. जोत्याची उंची इंचांत मोजावी; जितके इंच, निदान तितके फूट उताराची लांबी ठेवावी, म्हणजे बारांस एक साधतो. जागा असेल तर त्याहून लांब करावा. आंखूड कधींही करूं नये. तीस फुटांच्या आंत एक सपाट विसावा असावा, आणि जेथें वळण असेल तेथें तर अवश्य असावा. रुंदी चार फूट असल्यास उत्तम. दोहों बाजूंस धरावयास कठडा पाहिजे, आणि फरशी खरबरीत पाहिजे. गुळगुळीत फरशी पावसांत घात करते.

आमचें जोतें तीस इंच, म्हणून उतार तीस फूट. समोर जागा दहाच फूट असल्यामुळें तो घराच्या पूर्वेकडील भिंतीच्या कडेनें नेला: पंधरा फूट जाऊन एक सपाट विसावा, तेथून मुरड घेऊन परत पंधरा फूट. घाटाचीच ही लहानशी नक्कल. त्या जागेंत काकूंनीं स्वतःच्या हातांनीं लावलेला अबोलीचा वाफा होता. तो काढावा कीं नाहीं, याची चर्चा घरांत दोन दिवस चालली होती. काकूंच्या कानांवर गेली तेव्हां त्या म्हणाल्या, "अबोली कुंडींत येते. काढा."

यंदाच्या रामनवमीस काकू देवळांत गेल्या. दोघां पुतण्यांची गरज लागली नाहीं. आमच्या पुतणीनें एकटीनेंच खुर्ची खालीं नेली आणि कीर्तन आटोपल्यावर एकटीनेंच वर आणिली. परत येतांना मधल्या विसाव्यावर काकूंनीं तिला थांबविलें, मागें वळून खालच्या पंधरा फुटांकडे क्षणभर पाहिलें, आणि आम्हांस म्हणाल्या, "एवढ्यासाठीं माझे आठ महिने गेले, होय रे?"

त्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. मोजपट्टी घरांतच होती.